कीनलँडचा जानेवारी लिलाव कसा पाहावा : थरोब्रेड घोड्यांच्या हौशी अभ्यासकांसाठी

अमेरिकेतील केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहरालगत असलेल्या कीनलँड या संस्थेच्या आवारात दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केल्या जाणाऱ्या जातीच्या, घोड्यांचा मोठा लिलाव होतो. याच संस्थेचा सप्टेंबरातील लिलाव अधिक गाजतो, कारण तिथे केवळ यर्लिंग, म्हणजे वर्षाची शिंगरे, विकली जातात आणि दहा-वीस लाख डॉलरच्या बोलींच्या बातम्या जगभर जातात. तरीही ज्याला या व्यवहाराची जाण वाढवायची आहे, अशा हौशी माणसाने आधी जानेवारीचा लिलाव पाहावा, असे माझे ठाम मत आहे. गाभण घोड्या, शर्यतीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या तरुण घोड्या, धावते घोडे, पैदाशीसाठी जाणारे नर आणि नुकतीच वर्षाची झालेली शिंगरे हे सगळे या लिलावात एकाच रिंगणातून जातात. त्यामुळे थरोब्रेडची किंमत कोणत्या वयात कशामुळे ठरते, हे या काही दिवसांत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते.

महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यती नियमाने पाहणाऱ्या वाचकाला या लिलावातील बरीच नावे ओळखीची वाटतील, कारण भारतीय स्टड फार्मही, म्हणजे घोड्यांची पैदास करणारी केंद्रेही, परदेशातून घोड्या आणि स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचे नर, आणत आले आहेत. आपल्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्याचे भोवरे, पंचकल्याणी पाय आणि चाल पाहून भाव होतो. कीनलँडमध्ये भोवऱ्यांना काहीच मोल नाही. चालीला मात्र तितकेच आहे, आणि वंशावळीला सर्वांत जास्त.

तयारी डिसेंबरपासून

लिलावाचा कॅटलॉग डिसेंबरात कीनलँडच्या संकेतस्थळावर येतो आणि तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्यात हजाराहून अधिक घोडे असतात, म्हणून तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचा हट्ट करू नये. कॅटलॉग ‘बुक 1’ आणि ‘बुक 2’ अशा भागांत विभागलेला असतो व पहिल्या भागात साधारणपणे अधिक दर्जेदार घोडे ठेवलेले असतात. नवख्याने दोन्ही भागांतून मिळून बारा-पंधरा घोडे निवडावेत. त्यांत पाच-सहा गाभण घोड्या, तितकीच शिंगरे आणि दोन-तीन धावत्या घोड्या असाव्यात. सगळे घोडे पहिल्या भागातले घेतले, तर बाजाराचा केवळ वरचा थर कळतो आणि ज्या किमतींना बहुसंख्य घोडे विकले जातात त्या किमतींची ओळख होत नाही.

प्रत्येक घोड्याला एक हिप क्रमांक असतो. हा क्रमांक छापलेली चिकटपट्टी घोड्याच्या पुठ्ठ्यावर लावलेली असते आणि लिलावाच्या सर्व नोंदी त्याच क्रमांकाने होतात. वहीत किंवा संगणकावर एक तक्ता आखावा आणि त्यात हिप क्रमांक, वय, बाप, आई, घोडी गाभण असल्यास कोणापासून, आपला अंदाज, प्रत्यक्ष किंमत व खरेदीदार असे रकाने करून, सर्वांत शेवटी ‘पुढे काय झाले’ यासाठी एक रुंद रकाना मोकळा ठेवावा. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे, आणि तो भरायला काही महिने, कधी काही वर्षे लागतात.

पान कसे वाचावे

कॅटलॉगमध्ये एका घोड्याला एक पान असते. वरच्या बाजूला हिप क्रमांक, घोडा विक्रीस आणणाऱ्या एजन्सीचे नाव, तबेल्याचा क्रमांक, रंग, लिंग आणि जन्मतारीख दिलेली असते. एजन्सी म्हणजे मालक नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. बहुतेक मालक आणि पैदासकार आपले घोडे टेलर मेड किंवा डेनाली यांसारख्या एजन्सीकडे सोपवतात. ती घोड्यांची तयारी करून त्यांना लिलावात उभे करते. त्याखाली तीन पिढ्यांची वंशावळ, मग बापाबद्दलचा एक परिच्छेद आणि त्यानंतर पहिली आई, दुसरी आई, तिसरी आई असे परिच्छेद येतात. ‘दुसरी आई’ म्हणजे आजी व ‘तिसरी आई’ म्हणजे पणजी.

पान मुख्यतः आईच्या बाजूचे असते, आणि त्याचे कारण सोपे आहे. लोकप्रिय स्टॅलियन एका हंगामात शंभराहून अधिक घोड्या फळवतो, त्यामुळे त्याची संतती शेकड्यांनी असते. घोडीला मात्र वर्षाला एकच शिंगरू होते. म्हणूनच या व्यवसायात केवळ बाप समान असलेल्या घोड्यांना भावंडे म्हणत नाहीत. आई समान असली तरच ते भाऊ-बहीण, आणि आई व बाप दोन्ही समान असले तर सख्खे.

पानावर काही नावे ठळक अक्षरांत असतात. स्टेक्स दर्जाची, म्हणजे वरच्या श्रेणीची, शर्यत जिंकलेल्या घोड्याचे नाव ठळक आणि संपूर्ण मोठ्या रोमन अक्षरांत छापतात. अशा शर्यतीत दुसरा किंवा तिसरा आलेल्या घोड्याचे नाव ठळक असते, पण त्यातले केवळ पहिले अक्षर मोठे असते. यालाच ब्लॅक टाइप म्हणतात. नवख्या वाचकाची नजर थेट या ठळक नावांवर जाते आणि पान भरगच्च दिसले की तो प्रभावित होतो. पान वाचताना मात्र नजर पहिल्या आईच्या परिच्छेदावर आधी खिळवावी. तिथे काहीच नसेल आणि सगळी ठळक नावे तिसऱ्या आईखाली असतील, तर ते कुटुंब पूर्वी मोठे होते आणि आता त्याची ही शाखा क्षीण झाली आहे, असा अर्थ बहुधा निघतो. याउलट दुसऱ्या आईखाली फारसे काही नसले, पण पहिल्या आईची तीनपैकी दोन शिंगरे स्टेक्स जिंकलेली असली, तर ते पान रिकामे दिसत असले तरी मौल्यवान असते.

एक बारकावा मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. पानात जे लिहिलेले नाही, तेही वाचावे लागते. एखाद्या घोडीने सात शिंगरे दिली आणि पानावर केवळ दोनच विजेते असतील, तर उरलेली पाच कुठे गेली हे विचारावे. ती धावली का, धावून हरली का, की अजून धावण्याच्या वयाची झालेलीच नाहीत? या तिन्ही उत्तरांनी किंमत वेगवेगळी होते.

गाभण घोडीचा हिशेब

जानेवारीच्या लिलावाचे वेगळेपण गाभण घोड्यांमध्ये आहे, म्हणून त्यांच्यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. अशा घोडीच्या पानावर तिची स्वतःची शर्यतींची कामगिरी, आजवरच्या प्रत्येक वर्षातील संततीची नोंद, सध्या ती कोणत्या स्टॅलियनपासून गाभण आहे आणि ती शेवटची कधी फळवली गेली याची तारीख दिलेली असते.

ही तारीख पाहण्याची सवय लावावी. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि उत्तर गोलार्धात पैदाशीचा हंगाम साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालतो. फेब्रुवारीच्या मध्यास फळवलेली घोडी लिलावानंतर थोड्याच दिवसांत व्यायला येते. मेच्या अखेरीस फळवलेली घोडी पुढच्या मेच्या सुमारास व्याते. थरोब्रेडच्या जगात, उत्तर गोलार्धातील सर्व घोडे 1 जानेवारीला एकाच दिवशी एका वर्षाने मोठे होतात, मग जन्म जानेवारीचा असो वा मेचा. त्यामुळे लवकर जन्मलेले शिंगरू लिलावाच्या वेळी वयाने आणि अंगाने मोठे दिसते, शिवाय लवकर व्यालेल्या घोडीला त्याच हंगामात पुन्हा फळवायला पुरेसा अवधी मिळतो. उशिरा व्याणाऱ्या घोडीचा भाव यामुळे थोडा कमी झाला, तर त्यात नवल नाही.

संततीच्या नोंदीत अधूनमधून रिकामी वर्षे दिसतात. त्या वर्षी घोडी गाभण राहिली नाही, गर्भ पडला, शिंगरू मृत जन्मले किंवा तिला मुद्दामच फळवले नाही, अशा नोंदी वेगवेगळ्या असतात. चौदा-पंधरा वर्षांच्या घोडीच्या शेवटच्या चार वर्षांपैकी दोन वर्षे रिकामी असतील, तर कागदावरचे कुटुंब कितीही थोर असले तरी खरेदीदार हात आखडता घेतात.

यानंतर पोटातल्या शिंगराचा विचार येतो. गाभण घोडी विकत घेणारा दोन जीव विकत घेतो. ‘इन्टू मिस्चिफ’ या स्टॅलियनची फी, म्हणजे त्याच्याकडून घोडी फळवून घेण्याचे शुल्क, 2022 ते 2024 या काळात अडीच लाख डॉलर होती. त्याच्यापासून गाभण असलेल्या घोडीला तीन लाख डॉलर मिळाले, तर बाजाराने त्या घोडीलाच फारसे मोल दिले नाही, असा तर्क करता येतो. हा हिशेब ढोबळ आहे, कारण पोटातल्या शिंगराची किंमत फीइतकीच असते असे नाही: नव्या स्टॅलियनच्या पहिल्या पिढीला कुतूहलापोटी जास्त भाव मिळतो आणि ज्याची संतती शर्यतीत अपयशी ठरू लागली आहे, त्याच्या शिंगराला फीइतकेही मिळत नाहीत. तरीही प्रत्येक गाभण घोडीच्या किमतीतून फी वजा करून पाहण्याचा सराव केला, तर घोडीचे मोल आणि स्टॅलियनची लोकप्रियता यांतला फरक डोळ्यांना दिसू लागतो.

आई म्हणून घोडीची किंमत किती बदलू शकते, याचे ‘लेस्लीज लेडी’ हे माझ्या दृष्टीने सर्वोत्तम उदाहरण आहे. 2006च्या नोव्हेंबरात, कीनलँडच्याच पैदाशीच्या घोड्यांच्या लिलावात, क्लार्कलँड फार्मने तिला एक लाख डॉलरला घेतले. तेव्हा तिचा एक मुलगा अवघ्या वर्षाचा होता. तो म्हणजे वर उल्लेखलेला इन्टू मिस्चिफ, जो पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात ग्रेड 1, म्हणजे सर्वोच्च श्रेणीची, शर्यत जिंकला आणि नंतर अमेरिकेतील अग्रगण्य स्टॅलियन ठरला. त्याच घोडीने पुढे ‘बिहोल्डर’ ही अजोड मादी दिली, आणि तिचा आणखी एक मुलगा, ‘मेंडेल्सन’, 2016च्या सप्टेंबर लिलावात तीस लाख डॉलरला विकला गेला. खरेदीच्या दिवशी यांतले काहीही पानावर नव्हते. म्हणून ज्या घोडीची शिंगरे अजून धावायची आहेत, तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

कॅटलॉग छापल्यानंतरही पान बदलत राहते. कॅलिफोर्नियातील सांता अनिटा रेसकोर्सचा हिवाळी हंगाम सहसा 26 डिसेंबरला सुरू होतो आणि त्या सुमारास तिथे मोठ्या शर्यती होतात. तुमच्या यादीतल्या घोडीचा भाऊ त्यांतली एखादी जिंकला, तर लिलावाच्या आधीच तिचे पान सुधारते. निवडलेल्या प्रत्येक घोड्याच्या जवळच्या नातलगांची नावे लिहून ठेवावीत आणि नाताळाच्या आठवड्यातील निकाल त्यांच्याशी ताडून पाहावेत.

नुकती वर्षाची झालेली शिंगरे

1 जानेवारी उलटला की मागच्या वसंतात जन्मलेली शिंगरे नियमाने यर्लिंग होतात, पण प्रत्यक्षात ती आठ-दहा महिन्यांचीच असतात. अंगावर हिवाळ्याची दाट लव, मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच, पाय लांब आणि सगळेच जरा बेढब, असे त्यांचे रूप असते. त्यांची मापे घेण्याऐवजी चाल पाहावी. अनेक एजन्सी घोडा चालतानाचे चित्रण कॅटलॉगसोबत उपलब्ध करून देतात. मोतद्दार शिंगराला आपल्या दिशेने आणतो तेव्हा पुढचे पाय सरळ रेषेत पडतात की आत-बाहेर फेकले जातात, हे पाहावे. बाजूने चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे किती पडतो, हे पाहावे. जन्मतारीखही शेजारी ठेवावी, कारण मेमध्ये जन्मलेले शिंगरू जानेवारीत जन्मलेल्याच्या बरोबरीने उभे करून त्याला लहान ठरवणे अन्यायाचे आहे.

या शिंगरांचे बरेचसे खरेदीदार त्यांना स्वतः शर्यतीत उतरवत नाहीत. ते त्यांना आठ महिने वाढवून सप्टेंबरात पुन्हा विकतात. या धंद्याला पिनहुकिंग म्हणतात.

हिवाळी लिलावातील शिंगराबाबत कोणाचेही भाकीत किती चुकू शकते, हे मेडिना स्पिरिटच्या उदाहरणावरून कळते. फ्लोरिडातील ओकाला येथे 2019च्या जानेवारीत तो अवघ्या एक हजार डॉलरला विकला गेला आणि दोन वर्षांचा असताना, 2020च्या जुलैत, 35 हजार डॉलरला. 2021ची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध शर्यत, तो सर्वांत आधी पार करून गेला. पुढे चाचणीत औषधाचा अंश आढळल्यामुळे त्याचा विजय रद्द झाला आणि ‘मँडलून’ विजेता ठरला. विजय टिकला नाही, पण त्या मैदानात सर्वांत पुढे धावण्याची क्षमता त्या हजार डॉलरच्या शिंगरात होती, ही गोष्ट उरतेच.

अंदाज आधी लिहावा

लिलावाच्या आदल्या दिवशी प्रत्येक निवडलेल्या घोड्यासमोर एक आकडा लिहावा, आणि एका ओळीत कारणही लिहावे. आकडा न लिहिता लिलाव पाहिला, तर प्रत्येक किंमत घोषित झाल्यावर ती आपल्याला योग्यच वाटते आणि शिकणे तिथेच थांबते. अंदाज बांधताना त्याच बापाच्या इतर शिंगरांना मागच्या सप्टेंबरात आणि नोव्हेंबरात काय भाव मिळाला, हे कीनलँडच्या जुन्या निकालांत शोधावे.

खरेदीदारांजवळ एक माहिती असते जी आपल्याला दिसत नाही. शिंगरांच्या सांध्यांचे एक्स-रे आणि इतर वैद्यकीय नोंदी लिलावाच्या आवारात ठेवलेल्या असतात व खरेदीदारांचे पशुवैद्य त्या तपासतात. म्हणून एखादे देखणे, उत्तम कुळातले शिंगरू अनपेक्षित स्वस्तात गेले, तर बाजार मूर्ख आहे असे मानू नये.

लिलावाची रात्र

लेक्सिंग्टनमध्ये लिलाव सहसा सकाळी दहाला सुरू होतो, तेव्हा भारतात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. थेट प्रक्षेपण कीनलँडच्या संकेतस्थळावर असते व ते पाहण्यासाठी नोंदणी लागत नाही. बोली लावायची असेल तरच खाते उघडावे लागते. पहिल्या तासात किती हिप क्रमांक पुढे सरकतात हे मोजले, की आपला घोडा कधी येईल याचा अंदाज बांधता येतो. माघार घेतलेल्या घोड्यांचे क्रमांक तेवढे वगळावेत.

घोडा रिंगणात येताच निवेदक त्याची ओळख करून देतो आणि काही घोषणा करतो. या घोषणा कान देऊन ऐकाव्यात, कारण त्या कॅटलॉगमधील मजकुरापेक्षा वरचढ मानल्या जातात. बहीण जिंकली ही बातमी तिथेच कळते, आणि घोड्याला लाकूड चावून हवा ओढण्याची खोड असेल तर तीही तिथेच सांगितली जाते. त्यानंतर लिलाव पुकारणारा झपाट्याने आकडे म्हणू लागतो. सुरुवातीला शब्द वेगळे ऐकू येत नाहीत. तोवर पडद्यावरील फलकावर लक्ष ठेवावे. बोली केवळ समोरच्या खुर्च्यांतून येत नाही, तर रिंगणामागच्या फिरण्याच्या जागेतून आणि 2020पासून ऑनलाइनही येते. बोली कोणत्या टप्प्यावर रेंगाळते हे टिपावे. एक लाखापर्यंत झरझर गेलेली आणि मग पाच-पाच हजारांनी कष्टाने चढणारी बोली दोघांमधल्या चुरशीची असते, आणि त्या किमतीवर विसंबून पुढचा अंदाज बांधताना सावध राहावे.

हातोडा पडला म्हणजे घोडा विकला गेला, असेही नाही. विक्रेत्याने आधी ठरवलेली राखीव किंमत गाठली गेली नाही, तर निकालात ‘आरएनए’ ही खूण येते आणि घोडा मालकाकडेच राहतो. 2002ची अमेरिकेतील ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरलेली ‘अझेरी’ 2008च्या नोव्हेंबरात 44 लाख डॉलरवर अशीच न विकता परत गेली. दोनच महिन्यांनी, 2009च्या जानेवारी लिलावात, ती 22.5 लाख डॉलरला जपानच्या कात्सुमी योशिदा यांनी घेतली. मधल्या काळात घोडी तीच होती. जगाची आर्थिक स्थिती ढासळत होती आणि मालकांनी निश्चित विकायचे ठरवले होते. म्हणून जानेवारीच्या कॅटलॉगमधील प्रत्येक घोडीबाबत ती नोव्हेंबरात विक्रीला आली होती का, हे तपासावे.

निकालाचे आकडे

दिवसाअखेर एकूण उलाढाल, सरासरी, मध्यक (किमती क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी किंमत) आणि न विकल्या गेलेल्या घोड्यांचे प्रमाण जाहीर होते. बातम्यांचे मथळे सरासरीवर बेतलेले असतात, पण विश्वास मध्यकावर ठेवावा. समजा पाच घोडे 5 हजार, 8 हजार, 10 हजार, 12 हजार आणि 4 लाख 65 हजार डॉलरला गेले. सरासरी एक लाख येते, मध्यक मात्र दहा हजार. एखाद्या मोठ्या फार्मने सगळे घोडे विकायला काढले, की त्या वर्षीची सरासरी फुगते व पुढच्या वर्षी बाजार ‘घसरल्या’ची बातमी येते. इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे टॅटरसॉल्स ही संस्था घेते तो डिसेंबर लिलाव सोबत पाहत असाल, तर तिथले आकडे गिनीत असतात हे विसरू नये. एक गिनी म्हणजे 1.05 पौंड.

खरेदीदाराच्या रकान्यात पुष्कळदा एजंटचे नाव असते. खरा मालक कोण, याचा तर्क लगेच करू नये. घोडा धावेल तेव्हा किंवा घोडी व्याईल तेव्हा ते कळतेच.

प्रत्यक्ष जायचे असल्यास

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना, विशेषतः लुईव्हिल किंवा सिनसिनाटीच्या परिसरातील मंडळींना, एक दिवस जाऊन येणे सहज शक्य आहे. कीनलँड लेक्सिंग्टनच्या विमानतळासमोरच आहे आणि लिलावाला प्रवेशशुल्क नाही. याच आवारात 1943 साली, दुसऱ्या महायुद्धामुळे रेल्वेने घोडे न्यूयॉर्क राज्यातील साराटोगाच्या लिलावाला नेता येईनात म्हणून, तंबूत यर्लिंगचा लिलाव झाला होता आणि त्यात विकलेला ‘हूप ज्युनियर’ 1945ची केंटकी डर्बी जिंकला. आत बसण्यापेक्षा तबेल्यांकडे जास्त वेळ घालवावा. तिथे काम चाललेले असते, म्हणून खरेदीदार घोडा पाहत असताना मध्ये जाऊ नये, घोड्याच्या मागे उभे राहू नये आणि विचारल्याशिवाय हात लावू नये. गरम कपडे भरपूर न्यावेत.

पुढचे महिने

लिलाव संपल्यावर आपले अंदाज आणि प्रत्यक्ष किमती शेजारी ठेवाव्यात आणि सर्वांत मोठी तफावत असलेले तीन घोडे निवडून त्यांची पाने पुन्हा वाचावीत. धावत्या घोड्यांच्या नोंदी इक्विबेस या अमेरिकी शर्यतींच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर मिळतात. शिंगरांसाठी ऑगस्टमध्ये सप्टेंबर लिलावाचा कॅटलॉग उघडून आईच्या नावाने शोध घ्यावा. तेच शिंगरू नव्या हिप क्रमांकाने आणि नव्या एजन्सीकडून आलेले सापडले, तर जानेवारीच्या खरेदीदाराने काय पाहिले होते ते आता मोठ्या झालेल्या त्या यर्लिंगच्या चालीत शोधता येते. गाभण घोड्यांना वेळ लागतो. त्यांचे पोटातले शिंगरू लिलावात यायला बहुधा पुढचा नोव्हेंबर किंवा त्यानंतरचा जानेवारी उजाडतो आणि ते धावू लागायला आणखी वर्ष-दीड वर्ष जाते. दरवर्षी डिसेंबरात नवा कॅटलॉग आला, की मागच्या यादीतल्या घोड्यांची नावे आधी त्यात शोधावीत. एखादी घोडी वर्षभरातच पुन्हा विक्रीला आलेली दिसली, तर या वर्षी ती कोणापासून गाभण आहे, मधले शिंगरू जगले का आणि ती कोणाच्या तबेल्यातून येत आहे, या तीन नोंदी रुंद रकान्यात आधी लिहाव्यात आणि मगच नवा आकडा मांडावा.